पाद्र्याचा पगार कोण देतो?

पँथर हे नाव आपण ओकलंडहून उचललं. १९६६ साली ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोघांनी तिथं ब्लॅक पँथर पार्टी काढली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली. नावाबरोबर डरकाळी आली, आवळलेली मूठ आली, कवितेत शिवी आली. चांगलं झालं. पण त्या डरकाळीमागं एक जुनं, सावकाश, थोडं कंटाळवाणं काम होतं. ते जहाजात चढलंच नाही. ते काम काळ्यांच्या चर्चनं केलं होतं, आणि त्यातही सगळ्यात जास्त बाप्टिस्ट चर्चनं.

दचकू नका दोस्तांनो. मी कुणाला बाप्तिस्मा घ्यायला सांगत नाही. देव मी मानत नाही, बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत. पण हिशेब हिशेबासारखा मांडला पाहिजे. ह्यूई न्यूटनचा बाप बाप्टिस्ट प्रचारक होता. माल्कम एक्सचा बापही. मार्टिन ल्यूथर किंगचा तर बाप पाद्री, आईकडचा आजाही पाद्री. पोरांनी पुढं बापाचा देव ठेवला की फेकला हा वेगळा सवाल. बोलायचं कसं, माणसं जमवायची कशी, आणि जमलेली माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा कशी येतील हे बघायचं कसं, हे ती त्या घरातून शिकली. ओकलंडच्या पँथरांनी १९६९ साली पोरांना फुकट न्याहारी सुरू केली ती एका चर्चमध्येच. ते बाप्टिस्ट नव्हतं, एपिस्कोपल होतं, पण चूल आणि हॉल चर्चचा होता. बंदुकीचे फोटो आपण पोस्टरवर लावले. न्याहारीचं पातेलं कुणी लावलं नाही.

बाप्टिस्टांची रचना समजून घ्या, कारण सगळी गोम तिथंच आहे. त्यांच्यात बिशप नसतो. वरून पाद्री नेमून पाठवणारा कुणी नसतो. मंडळीच पाद्री निवडते, मंडळीच त्याला पोसते, पटला नाही तर मंडळीच घरी पाठवते. इमारत मंडळीच्या नावावर. गुलामीच्या काळात काळ्या माणसाला गोऱ्यांच्या चर्चमध्ये माडीवर नाहीतर मागच्या बाकावर बसवत. १८६५ साली गुलामी संपली तशी ही माणसं उठली आणि स्वतःची चर्चं बांधायला लागली. जमीन नाही, मत नाही, शाळा नाही, पण एक लाकडी खोली आपली. तिच्यात दिवसभर दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारी बाई आपल्या नावानं ओळखली जाई आणि स्टेशनवरचा हमाल कारभारी होई.

आपल्याकडं बाप्टिस्ट म्हटला की शिकलेल्याला एकच नाव आठवतं, विल्यम केरी. इंग्लंडातला जोडे शिवणारा. मोठेपणी कुणीतरी खोचकपणे विचारलं की तुम्ही म्हणे जोडे बनवायचात, तर तो म्हणाला, बनवत नव्हतो, नुसते ठिगळ मारायचो. या माणसानं बंगालात श्रीरामपूरला छापखाना चालवला, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या साहेबांना मराठी शिकवली, १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली मोडी अक्षरांत कोश काढला. म्हणजे छापील मराठी व्याकरण साहेबांच्या हातात दिलं ते एका चांभाराच्या हातानं. मराठीच्या प्राध्यापकांनी हे एकदा वर्गात मोठ्यानं म्हणून बघावं! पण केरीच्या बाजूला बसून शब्द सांगणारा पंडित वैजनाथशास्त्री होता. चांभारानं चांभाराची मराठी नाही विचारली, शास्त्र्याची विचारली. केरीच्या मंडळीत मात्र जात चालत नव्हती हेही सांगितलं पाहिजे. १८०३ साली त्यांच्यातला गोकुळ नावाचा माणूस मेला, तेव्हा त्याच्या पेटीला खांदा द्यायला दोन गोरे, एक बाप्तिस्मा घेतलेला बामण आणि एक बाप्तिस्मा घेतलेला मुसलमान होता. बघायला गर्दी लोटली म्हणतात. लोटणारच.

तरी केरीचा पैसा बाहेरचाही होता. इंग्लंडातून यायचा, कॉलेजच्या पगारातून यायचा. आपल्या मुलखात नंतर आलेली मिशनं, नागपूरची स्कॉटिश काय आणि नगरची अमेरिकन काय, परदेशातल्या वर्गणीवर चालली. त्यांनी शाळा दिल्या, दवाखाने दिले. आपल्या कित्येकांच्या आज्या तिथं अक्षर शिकल्या, त्याची चेष्टा मी करणार नाही. पण उपदेशक मिशनच्या पगारावर होता. ज्याचा पगार साहेब देतो त्याची मान साहेबाकडं वळलेली राहते. मान वळू नये असं त्याला कितीही वाटो.

आता खरा माणूस. बेंजामिन मेज. बाप्टिस्ट पाद्री, मास्तर, आणि संघटनेच्या बैठकीत तासन्‌तास बसणारा. त्याचं नाव आपल्याकडं फार थोड्यांना ठाऊक. पण तो आपल्या विदर्भात येऊन गेला आहे. थांबा, क्रमानं सांगतो.

साउथ कॅरोलायनात कापूस पिकवणाऱ्या, गुलामीत जन्मलेल्या आईबापाचं हे पोर. त्याची पहिली आठवण १८९८ ची. काळ्यांच्या मताच्या हक्कावरून तिकडं दंगल उसळली होती. घोड्यावरचे बंदूकवाले गोरे आले आणि त्याच्या बापाला टोपी काढून पुन्हा पुन्हा वाकायला लावलं. चार वर्षांचं पोर बघत होतं. जोहार घालणारा आजा ज्यानं घरात पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आत्मचरित्र लिहिलं त्याला मेजनं नाव दिलं ‘बॉर्न टु रिबेल’, जन्मजात बंडखोर, आणि ते आलं १९७१ साली. म्हणजे सत्तरी उलटल्यावर सुद्धा ती टोपी डोक्यातून गेली नव्हती.

हा माणूस उत्तरेत जाऊन शिकला, रेल्वेत पोर्टर झाला, अटलांटात एका बाप्टिस्ट मंडळीचा पाद्री झाला, मोरहाउस कॉलेजात गणित शिकवलं, शिकागोहून डॉक्टरेट घेतली. आणि १९३६ च्या डिसेंबरअखेरीस तो वर्ध्याला गांधींना भेटायला आला. म्हैसूरला वायएमसीएची जागतिक परिषद होती, त्या वाटेवर. दीड तास बोलणं झालं. अहिंसेचं विचारलं, ते साहजिक. पण त्यानं दुसरंही विचारलं. अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहता, मग जातिव्यवस्थेविरुद्धच का नाही?

साल लक्षात घ्या. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याची घोषणा झालेली. १९३६ च्या मे महिन्यात बाबासाहेबांचं ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापून आलेलं, गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्याला उत्तरही दिलेलं. आणि आता सातासमुद्रापलीकडचा एक काळा पाद्री वर्ध्यात येऊन तोच सवाल करतो. गांधींनी जातीचा बचाव केला तो श्रमविभागणीच्या अंगानं. ही वाटणी कामाची नाही, काम करणाऱ्या माणसांची आहे, आणि ती पायरीपायरीची आहे, हे बाबासाहेबांनी त्याच वर्षी दाखवून दिलं होतं. पण ते सांगायला तिथं कोण होतं? बाबासाहेब त्या दिवसांत युरोपात होते, जानेवारीच्या मध्याला परतले. मेज तोवर म्हैसूरला पोचला होता. वर्धा, नागपूर, भंडारा हा एका दिवसाचा रस्ता. आमच्या करडीकडच्या एखाद्या कोतवालाशी त्याला दोन मिनिटं बोलायला मिळालं असतं तर श्रमविभागणीचा अर्थ त्याला दुभाष्याशिवाय कळला असता.

मेज गांधींबद्दल आदर घेऊनच गेला, हे लपवायचं कारण नाही. त्याला अहिंसेत आपल्या लोकांसाठी हत्यार दिसलं. पण म्हैसूरला दुसरी गोष्ट घडली. अस्पृश्यांच्या एका शाळेच्या हेडमास्तरनं त्याला बोलावलं आणि पोरांपुढं ओळख करून दिली ती अशी, की हा पाहुणाही अस्पृश्यच आहे, आणि तरी एवढा मोठा झाला. मेज चपापला. मी? डॉक्टर, प्राध्यापक, मी अस्पृश्य? मग त्यानं मनाशी यादी केली. आपल्या देशात कुठल्या हॉटेलात मला खोली मिळत नाही, कुठल्या डब्यात बसू देत नाहीत, कुठल्या दारानं जावं लागतं. आणि कबूल केलं की हेडमास्तर बरोबर बोलला. किंगही १९५९ साली भारतात येऊन गेल्यावर केरळातल्या शाळेची अशीच गोष्ट सांगायचा. वर्ध्याच्या दीड तासात जे उमगलं नाही ते या एका मास्तरनं एका वाक्यात दिलं. त्या हेडमास्तरचं नाव चळवळीच्या इतिहासात कुठंतरी असायला हवं होतं.

वर्ध्याला येण्याआधीच, १९३३ साली, मेजनं एक पुस्तक जोसेफ निकल्सन याच्या जोडीनं काढलं होतं, ‘द निग्रोज चर्च’. शहरातली ६०९ आणि खेड्यातली १८५ चर्चं तपासली. आपल्याच माणसाच्या आपल्याच संस्थेची अशी उलटतपासणी आपल्याकडं कुणी केलीय? त्यानं हातचं राखलं नाही. चर्चं नको तेवढी झाली आहेत, कर्जात बुडाली आहेत, पाद्री शिकलेले नाहीत. प्रवचनं शब्दशः उतरवून घेतली तर निम्म्याहून जास्त परलोकाची निघाली. भाकरीवर बोलणारी थोडी. हे सगळं लिहून शेवटी मात्र तो म्हणतो की हे एवढं एकच घर काळ्या माणसानं स्वतःच्या पैशानं बांधलंय, त्याचा मालक तो स्वतः आहे, आणि म्हणून त्यात जे घडू शकतं ते दुसरीकडं घडणार नाही.

घडलंच. १९४० साली मेज मोरहाउसचा अध्यक्ष झाला आणि १९६७ पर्यंत राहिला. हे कॉलेज १८६७ साली ऑगस्टा गावात एका बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात सुरू झालेलं. फी वसूल करायला मेज एवढा कडक की पोरांनी त्याचं नाव ‘बक बेनी’ पाडलं, बक म्हणजे डॉलर. दर मंगळवारी तो पोरांपुढं बोलायचा. परलोक वगैरे नाही. जिथं तुम्हाला माडीवर बसवतात त्या थिएटरात करमणुकीसाठी पायरी चढू नका, पोटासाठी सोसावं लागतं ते वेगळं, पण मजेसाठी अपमानाचं तिकीट काढू नका, हा त्याचा उपदेश. १९४४ साली कॉलेजात आलेला पंधरा वर्षांचा एक पोरगा हे ऐकत होता. तो मार्टिन किंग. १९६८ च्या एप्रिलमध्ये त्या पोराच्या मयतीवर बोलायची पाळी या म्हाताऱ्या मास्तरवर आली.

या दोघांच्या मधे, १९५५-५६ साली, माँटगोमेरीचा बस बहिष्कार झाला. ३८१ दिवस. आपल्याकडच्या भाषणांत एवढंच येतं की एका बाईनं जागा सोडली नाही आणि किंग बोलला. अरे, ३८१ दिवस हजारो माणसं कामावर जात कशी होती? पायी, आणि चर्चच्या गाड्यांतून. गाड्या विकत घेऊन चर्चांच्या नावावर नोंदवल्या. वेळापत्रक, पेट्रोल, ड्रायव्हर, विमा, सगळं मंडळींनी बघितलं. रविवारी ताटात पडणारी नाणी मोजायची सवय असलेले हात हिशेबाला बसले. सत्याग्रह हा आधी हिशेब असतो.

आणि किंगच पुढं का आला, शाळामास्तर का नाही? सेप्टिमा क्लार्क बघा. साउथ कॅरोलायनातली मास्तरीण, चाळीस वर्षं शिकवलेलं. सरकारी नोकरांनी एनएएसीपी या काळ्यांच्या हक्काच्या संघटनेचं सभासद असू नये असा कायदा आला आणि १९५६ साली तिची नोकरी गेली. किंगला असं कुणी काढू शकत नव्हतं, कारण त्याचा पगार गोऱ्यांच्या शाळामंडळाकडून येत नव्हता. भांडी घासणाऱ्या बायांच्या पदरातून येत होता. त्याच्या घरावर बॉम्ब टाकता आला, त्याची नोकरी घेता आली नाही.

हे ऐकून आपल्याकडं बघा. आपला वक्ता कोण? बँकेत, टपालात, जिल्हा परिषदेत, कॉलेजात. मंचावर आग ओकतो आणि सोमवारी साहेबासमोर उभा राहतो. त्याला दोष नाही, घर चालवायचंय. नाहीतर मग पूर्णवेळ कार्यकर्ता. त्याचं घर कोण चालवतं? नगरसेवक. जयंतीचा मंडप कुणाचा, डीजे कुणाचा, बॅनरवर बाबासाहेबांपेक्षा मोठा चेहरा कुणाचा? मग निवडणुकीत मान कुणाकडं वळते? च्यायला, मिशनच्या उपदेशकाला हसलो आणि आमदाराचे उपदेशक झालो!

यावर बाबासाहेबांनी तोड सांगितली नव्हती असं नाही. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी प्रत्येकाकडं मिळकतीचा विसावा हिस्सा मागितला, धम्माच्या कामासाठी. ख्रिस्ती लोक दशांश म्हणतात, बाबासाहेबांनी त्याच्या निम्मा मागितला. आपण धर्म घेतला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, विसावा तेवढा त्या मैदानावर सोडून आलो. १९७८ साली कांशीराम यांनी बामसेफ उभी करताना शिकलेल्या नोकरदाराला समाजाचं देणं फेडायला सांगितलं, तेव्हा हीच नस धरली होती. शहरातल्या दोस्तांनो, तुमच्यातल्या किती जणांना हा विसाव्याचा आकडा माहीत आहे?

संघटनेचा दुसरा बाजूचा धोकाही याच बाप्टिस्टांनी दाखवून ठेवलाय. काळ्या बाप्टिस्टांची सगळ्यात मोठी परिषद म्हणजे नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शन. तिचा अध्यक्ष जे. एच. जॅक्सन १९५३ साली खुर्चीवर बसला तो १९८२ पर्यंत. रस्त्यावर उतरणं त्याला मान्य नव्हतं, किंगशी उभं वैर. १९६१ साली अधिवेशनात धक्काबुक्की झाली आणि किंग, मेज, गार्डनर टेलर वगैरे मंडळी वेगळी झाली, त्यांनी प्रोग्रेसिव्ह नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शन काढलं. त्यांनी अध्यक्षाच्या मुदतीवर मर्यादा घातली. आपणही फुटतो, आपल्याइतकं कोण फुटतं! पण आपल्या फुटीत मुदतीचा मुद्दा कधी ऐकलाय? आपल्याकडं गटाला माणसाचं नाव असतं, कंसात. आणि एक, या सगळ्या थोर पाद्र्यांनी बायांना व्यासपीठावर येऊ दिलं नाही. बाकं बायांनी भरली, पैसा बायांनी गोळा केला, प्रवचन बाप्यांचं. नॅनी हेलन बरोज या बाप्टिस्ट बाईनं बायांची वेगळी परिषद चालवली आणि १९०९ साली वॉशिंग्टनला मुलींची शाळा काढली, गरीब काळ्या बायांच्या चिल्लरवर. अध्यक्ष पाद्र्यांनी तिला कमी छळलं नाही.

इकडं आमच्या भंडाऱ्यात, १९५४ च्या पोटनिवडणुकीत ज्या जिल्ह्यानं खुद्द बाबासाहेबांना पाडलं त्या जिल्ह्यात, दोन वर्षांनी माणसं दीक्षेसाठी नागपूरला पायी, बैलगाडीनं, मिळेल तसं गेली, आणि परत येऊन त्यांनी विहारं बांधली. रोवण्याची मजुरी, विड्या वळण्याची मजुरी, त्यातून. म्हणजे ती लाकडी खोली आपल्याकडंही आहे. मालकी आपली आहे. पण किल्ली पोलीस पाटलाच्या नाहीतर कुठल्या बुवाच्या घरी असते आणि कुलूप उघडतं वर्षातून चार दिवस. मूर्ती धुतात, हार घालतात, बाहेरचा वक्ता येतो, प्रस्थापितांना शिव्या घालतो, नाश्ता करून शेवटच्या यष्टीनं जातो. मागं एका सभेनंतर एक म्हातारी मला म्हणाली, “भाषण लय बेस झालं जी. पण माह्या नातवाले गणित येत नाही, ते कोन शिकवन?” वक्ता तोवर फाट्यावर पोचला होता.

तिच्या सवालात प्रवचन, शाळा आणि संघटना तिन्ही आली. मेजनं आयुष्यभर ही तीन कामं एकाच अंगावर घेतली, आणि तिघांचा हिशेब एकाच वहीत ठेवला.

तर आता वही उघडू. धरून चला, एका वस्तीत साठ घरं. घराची महिन्याची मिळकत सहा हजार धरा, मुद्दाम कमी धरतोय. विसावा हिस्सा तीनशे रुपये. साठ घरांचे अठरा हजार, महिन्याला. निम्मी घरं देणार नाहीत असं म्हणा, तरी नऊ हजार. त्यात संध्याकाळी सात ते नऊ गणित-इंग्रजी शिकवणारा बी.एड. झालेला बेकार पोरगा बसतो, जो आपल्याच वस्तीत पारावर बसलेला आहे. विजेचं बिल बसतं. चार वर्तमानपत्रं बसतात. उरलेल्यातून कुणावर ॲट्रॉसिटी झाली तर नागपूरच्या कोर्टाच्या फेऱ्यांचं भाडं निघतं, म्हणजे फिर्यादी पहिल्या तारखेनंतर मोडत नाही. साक्षीदार फुटतो तो भीतीनं फुटतो हे खरं, पण बुडालेल्या मजुरीनंही फुटतो.

नऊ हजारांवर आमदार लागत नाही. पावतीपुस्तक लागतं. खजिनदार बाई असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बचत गट चालवून चालवून आपल्या बाया हिशेबात पक्क्या झाल्या आहेत, आणि दारू प्यायला पैसे मागणाऱ्याला नाही म्हणायची सवय त्यांना घरातच लागलीय. दर महिन्याचा जमाखर्च विहाराच्या भिंतीवर खडूनं लिहावा. अध्यक्ष दोन वर्षांचा, तिसऱ्या वर्षी सतरंजीवर बसेल. आणि बाहेरून वक्ता बोलवायचा तर त्याला भाडं वस्तीनं द्यावं, आणि सांगावं की रात्री मुक्काम आहे, सकाळी सातला पोरांचा वर्ग घ्यायचा आहे.

मुंबई-पुण्याच्या दोस्तांनो, तुमच्यातले किती जण त्या अटीवर यायला तयार आहेत ते कळवा. करडीला यायचं तर भंडाऱ्याहून गाडी मिळते.